अमेरिकेतलं सरकारी शटडाऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्पाचं घोडं अडलं की हे प्रश्न ठरलेले असतात. निम्मे भारतातून येतात, निम्मे तिकडे नोकरी-शिक्षण करणाऱ्या मराठी मंडळींकडून. माहिती २०२५ अखेरपर्यंतच्या घडामोडी धरून दिली आहे. फक्त व्हिसा आणि नोकरीपुरतं वाचायचं असेल तर थेट प्रश्न १० ते १३ वर जा.

१. शटडाऊन म्हणजे नेमकं काय? सरकार पडतं का?

नाही. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, खासदार सगळे जागेवर असतात. फक्त काही खात्यांची खर्च करायची कायदेशीर परवानगी संपते. अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात लिहिलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय खजिन्यातून पैसा काढता येणार नाही. ही मंजुरी दरवर्षी १२ विनियोजन विधेयकांतून मिळते. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ना विधेयक मंजूर, ना तात्पुरती मुदतवाढ, अशी वेळ आली की त्या खात्याचं तातडीचं नसलेलं काम थांबवावं लागतं. तिजोरीत खडखडाट झालेला नसतो. पैसा असतो, हात लावायची मुभा नसते.

२. मंजुरी नसेल तर चार दिवस उधारीवर काम का चालत नाही? पूर्वी चालायचं म्हणतात.

चालायचं. १९७० च्या दशकात मंजुरीत अनेकदा खंड पडला, पण कचेऱ्या उघड्याच राहत. नंतर पैसे मिळतीलच, असं सगळे गृहीत धरत. १८८४ चा अँटीडेफिशियन्सी कायदा मंजुरीशिवाय खर्च करू नका, असं सांगत होता, पण त्याचा इतका कडक अर्थ कोणी लावला नव्हता. तो लावला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) बेंजामिन सिव्हिलेटी यांनी. १९८० मध्ये त्यांनी मत दिलं की मंजुरी संपली की खातं बंदच करावं लागेल. १९८१ मध्ये दुसरं मत देऊन त्यांनी सूट घातली: माणसाचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात येणार असेल तर काम चालू ठेवता येईल. आजची सगळी शटडाऊन या दोन मतांवर उभी आहेत. कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० डॉलर दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजवर कोणावर खटला चाललेला नाही, पण ती जोखीम कुठला खातेप्रमुख घेईल?

३. दोन्ही सभागृहांत बहुमत असलेल्या पक्षालाही विधेयक का मंजूर करता येत नाही?

कारण सिनेटमध्ये बहुमत पुरत नाही. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत आणि तिथे साधं बहुमत चालतं. सिनेटमध्ये १०० सदस्य, पण चर्चा संपवून मतदान घ्यायचं तर ६० मतं लागतात. चर्चा अडवून धरण्याच्या या सोयीला फिलिबस्टर म्हणतात. आता कोणाला रात्रभर उभं राहून भाषण ठोकावं लागत नाही; ६० मतं जमली नाहीत की विधेयक आपोआप अडकतं.

२०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपद होतं, दोन्ही सभागृहं होती, सिनेटमध्ये ५३ जागा होत्या. तरी सात मतं कमी. प्रतिनिधिगृहाने १९ सप्टेंबरलाच मंजूर केलेलं मुदतवाढीचं विधेयक सिनेटमध्ये पुन्हा पुन्हा पडत राहिलं.

४. मग हा ६० मतांचा नियमच का बदलत नाहीत?

बदलता येतो, त्याला घटनादुरुस्तीही लागत नाही. १९७५ मध्ये ही अट दोन तृतीयांशांवरून ६० वर आणली गेली. २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांसाठी ती काढली, २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठीही काढली. विधेयकांसाठी मात्र दोघेही ती जपतात, कारण आजचा बहुमतवाला उद्या अल्पमतात असतो. २०२५ च्या शटडाऊनमध्ये ट्रम्प यांनी नियम मोडीत काढा म्हणून सांगितलं. त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर्सनी ऐकलं नाही.

रिकन्सिलिएशन नावाची एक पळवाट आहे. तीत ५१ मतं पुरतात, पण ती कर आणि कायमस्वरूपी योजनांच्या खर्चासाठी आहे. खात्यांच्या वार्षिक मंजुऱ्या त्या वाटेने नेता येत नाहीत.

५. बातम्यांत ‘सीआर’ म्हणतात ते काय?

कंटिन्युइंग रिझोल्युशन. नवीन विधेयकं तयार नसली की गेल्या वर्षीच्याच दराने अमुक तारखेपर्यंत खर्च करायची परवानगी. आपल्याकडच्या लेखानुदानाची ही चुलत बहीण, फक्त तिकडे ती अपवाद न राहता रीतच झाली आहे. सगळी विनियोजन विधेयकं वेळेत मंजूर झाल्याचा शेवटचा प्रसंग १९९६ चा, १९९७ च्या आर्थिक वर्षासाठीचा. त्यानंतर दरवर्षी भिजत घोंगडं. सीआर असताना खात्याला नवा प्रकल्प सुरू करता येत नाही, मोठी खरेदी लांबते. शटडाऊनची मथळ्यात चर्चा होते, पण या सततच्या तात्पुरतेपणाने होणारं नुकसान कमी नाही.

६. एवढं नुकसान होत असताना दोन्ही पक्ष तडजोड का करत नाहीत?

नाक दाबलं की तोंड उघडेल, हा हिशेब. खात्यांचा पैसा दोघांनाही हवा असतो, म्हणून त्याला वेगळीच मागणी बांधली जाते. १९९५ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या रिपब्लिकनांना क्लिंटन यांच्याकडून खर्चकपात हवी होती. २०१३ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा पैसा रोखायचा होता. २०१८ मध्ये ट्रम्प यांना मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ५७० कोटी डॉलर हवे होते. २०२५ मध्ये डेमोक्रॅट्सना वर्षअखेर संपणारी आरोग्यविम्याची वाढीव सवलत चालू ठेवायची होती.

मिळालं काय? २०१३ मध्ये जवळजवळ काहीच नाही. २०१९ मध्ये भिंतीसाठी १३७.५ कोटी, आणि उरलेल्यासाठी ट्रम्प यांना राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. २०२५ मध्ये सिनेटमध्ये मतदान घेण्याचं आश्वासन. डिसेंबरमध्ये ते मतदान झालं आणि सवलत ६० मतांअभावी पडली. अडवणूक करणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही, हे इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो. तरी ती होते, कारण खासदाराला विरोधी पक्षापेक्षा स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीची, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीची, धास्ती जास्त. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे नमतं घेतलं की पक्षातलाच कडवा उमेदवार समोर उभा राहतो. प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती केव्हिन मॅकार्थी यांचं उदाहरण कोणी विसरलेलं नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला त्यांनी डेमोक्रॅट्सची मतं घेऊन शटडाऊन टाळलं. ३ ऑक्टोबरला त्यांच्याच पक्षातल्या आठ जणांनी बंड केलं आणि २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांचं सभापतिपद गेलं. असं सभापती हटवणं अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. पुढचे सभापती २५ ऑक्टोबरला मिळाले, तोवर सभागृहाला विधेयकही पुढे नेता येईना.

२०२५ पासून आणखी एक गाठ बसली आहे. त्या जुलैत सुमारे ९०० कोटी डॉलरच्या आधीच दिलेल्या मंजुऱ्या साध्या बहुमताने मागे घेतल्या गेल्या. ऑगस्ट अखेरीस परदेशी मदतीचे ४९० कोटी काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, मत न घेताच वर्ष संपेपर्यंत रोखून धरले गेले. ६० मतं लागणारा सौदा करायचा आणि दुसऱ्या बाजूने तो ५१ मतांनी किंवा एका सहीने उलटवायचा, तर अल्पमतातला पक्ष सौद्याला बसेल कशाला? आमच्या मते यापुढची कोंडी सोडवताना रकमेपेक्षा हा अविश्वासच जास्त आड येणार आहे.

७. आजवरची मोठी शटडाऊन कोणती?

नोव्हेंबर १९९५ चं ५ दिवसांचं आणि लगेच डिसेंबर १९९५ ते जानेवारी १९९६ चं २१ दिवसांचं. ऑक्टोबर २०१३ चं १६ दिवसांचं. जानेवारी २०१८ चं ३ दिवसांचं. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ चं ३५ दिवसांचं. आणि १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ चं ४३ दिवसांचं, तोवरचं सर्वात लांब. ते सिनेटमध्ये ६०-४० आणि प्रतिनिधिगृहात २२२-२०९ मतांनी संपलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये काही तासांचाच खंड पडला होता. कचेऱ्या उघडायच्या आत सही झाल्यामुळे तो बहुतेक यादीत धरत नाहीत.

८. नेमकं काय बंद पडतं आणि काय चालू राहतं?

यादी पाठ करू नका, एकच प्रश्न विचारा: या कामाचा पैसा कुठल्या खिशातून येतो?

कायमस्वरूपी कायद्यातून येत असेल तर चालू. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आणि मेडिकेअर थांबत नाहीत. फीमधून येत असेल तरी चालू: टपाल खातं, पासपोर्ट, व्हिसा, इमिग्रेशनचे बहुतेक अर्ज. वार्षिक मंजुरीतून येत असेल तर बंद, मात्र जीव-मालमत्तेची सूट आहे. सैन्य, सीमा सुरक्षा, विमानतळावरची तपासणी, हवाई वाहतूक नियंत्रण, तुरुंग ही कामं या सवलतीत बसतात. तिथली माणसं कामावर येतात, पगार मात्र थकतो.

आता आडवळणं. अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’ योजना हक्काची असली तरी तिचा पैसा वार्षिक विधेयकातूनच येतो, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची मदत अडकली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. संघीय न्यायालयं फीच्या शिल्लकीवर काही आठवडे तग धरतात. २०२५ मध्ये ही शिल्लक १७ ऑक्टोबरपर्यंत पुरली. स्मिथसोनियनची संग्रहालयं जुन्या पैशावर ११ ऑक्टोबरपर्यंत उघडी होती. फिरायला जाणाऱ्यांनी म्हणूनच पहिल्या आठवड्यातली बातमी तिसऱ्या आठवड्यात खरी धरू नये. राष्ट्रीय उद्यानांचं तर धोरणच बदलत असतं. २०१३ मध्ये ती बंद केली, मग ॲरिझोनाने ग्रँड कॅनियनसाठी आणि न्यू यॉर्कने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासाठी स्वतः पैसे भरले. २०१८-१९ मध्ये कर्मचारी नसताना दारं उघडी ठेवली. कचऱ्याचे ढीग साचले आणि जोशुआ ट्री उद्यानात झाडांची नासधूस झाली.

९. ‘अंशतः शटडाऊन’ वेगळं असतं का?

१२ पैकी काही विधेयकं मंजूर झालेली असतील तर तेवढी खाती वाचतात. डिसेंबर २०१८ मध्ये पाच मंजूर होती, म्हणून संरक्षण, आरोग्य आणि कामगार खातं चालू होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकही नव्हतं. व्हिसावाल्यांना हा फरक फार महत्त्वाचा आहे. का, ते प्रश्न ११ मध्ये.

१०. मुंबईच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत ठरलीय. रद्द होईल का?

सहसा नाही. वकिलातींचं व्हिसाचं काम अर्जदारांच्या फीवर चालतं. अपॉइंटमेंट स्वतःहून रद्द करू नका. रद्द झालीच तर ईमेल येतो. ज्या अर्जांत इतर खात्यांकडून तपासणी लागते ते मात्र रेंगाळू शकतात, म्हणून पासपोर्ट हातात येण्यापूर्वी परत न मिळणारं तिकीट काढू नये.

११. एच-१बीची मुदत संपत आलीय. शटडाऊनचा काय परिणाम?

इथेच खरी मेख आहे. एच-१बीचा अर्ज घेणारी इमिग्रेशन संस्था यूएससीआयएस फीवर चालते, ती उघडी. पण अर्जाला कामगार खात्याने प्रमाणित केलेला एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबाबतचा कंपनीचा अर्ज) जोडावा लागतो, आणि कामगार खातं वार्षिक मंजुरीवर. ते बंद म्हणजे एलसीए नाही, एलसीए नाही म्हणजे मुदतवाढ नाही, नोकरीबदल नाही, कामाचं शहर बदलल्याची दुरुस्तीही नाही. २०१३ मध्ये असंच झालं. २०१८-१९ मध्ये कामगार खात्याचं विधेयक मंजूर असल्यामुळे अडचण आली नाही. २०२५ मध्ये ऑनलाइन प्रणाली १ ऑक्टोबरला बंद पडली ती महिनाभराने, शटडाऊन चालू असतानाच, पुन्हा उघडली.

उपाय एकच, आधीच करून ठेवायचा. मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, एलसीएही तितकाच आधी. एलसीएला कामाचे सात दिवस लागतात. तुमची मुदत ऑक्टोबर ते जानेवारीत संपत असेल तर ऑगस्टमध्येच कंपनीच्या वकिलाच्या मागे लागा आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी एलसीए दाखल होऊ द्या. अर्ज मुदतीत पोहोचला की निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. शटडाऊनमुळेच उशीर झाला असेल तर यूएससीआयएसने तो असाधारण परिस्थिती म्हणून विचारात घेतला आहे, पण ती मेहेरबानी आहे, हक्क नाही. एलसीएचा प्रयत्न अडल्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

१२. ग्रीन कार्डची प्रक्रिया थांबते का?

पहिली पायरी, म्हणजे पर्म (त्या जागेसाठी अमेरिकी उमेदवार मिळाला नाही याचं प्रमाणपत्र) आणि त्याआधीचं वेतननिश्चितीचं काम, कामगार खात्याकडे आहे. प्रश्न ११ मधलं सगळं तिला लागू. शिवाय पर्मसाठीच्या जाहिराती १८० दिवसांत वापराव्या लागतात, आणि ते दिवस शटडाऊनमध्येही मोजले जातात. मुदत कडेला आली असेल तर खातं नंतर सवलत देईल यावर विसंबू नका. पुढच्या पायऱ्या, आय-१४० (कंपनीचा अर्ज) आणि आय-४८५ (तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज), फीवर चालतात. त्या चालू राहतात.

१३. शटडाऊनमध्येच नवीन नोकरीवर रुजू व्हायचंय, किंवा मी विद्यार्थी आहे. काय अडेल?

ई-व्हेरिफाय, म्हणजे नव्या माणसाला काम करायची परवानगी आहे का हे कंपनीने तपासायचं सरकारी ऑनलाइन साधन, बंद पडू शकतं. २०१८-१९ मध्ये ते अख्खं शटडाऊनभर बंद होतं, २०२५ मध्ये सुमारे आठवडाभराने सुरू झालं. त्यामुळे रुजू होणं थांबत नाही. कामाच्या परवानगीचा आय-९ फॉर्म नेहमीप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत भरायचाच असतो. ई-व्हेरिफायची नोंद कंपनी नंतर करते. नोंद अडली म्हणून तुम्हाला घरी बसवता येत नाही. स्टेम ओपीटीवर (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतरच्या वाढीव कामाच्या परवानगीवर) असणाऱ्यांनी एक पाहावं: कंपनी आधीपासून ई-व्हेरिफायमध्ये असेल तर ठीक, नव्याने नाव नोंदवायचं असेल तर प्रणाली उघडेपर्यंत थांबावं लागेल. एफ-१ व्हिसा आणि विद्यार्थी नोंदणीची यंत्रणा फीवर असल्याने चालू राहते.

१४. विमानप्रवास करावा का?

करा, पण हातात वेळ ठेवून. नियंत्रक बिनपगारी काम करतात; पहिला पगार चुकला की गैरहजेरी वाढते. २५ जानेवारी २०१९ ला न्यू यॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं काही काळ रोखली गेली आणि त्याच दिवशी शटडाऊन संपलं. हा योगायोग नव्हता. २०२५ मध्ये ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवर उड्डाणं ४ टक्के कमी केली, पुढे ६ टक्के. कात्री मुख्यतः देशांतर्गत उड्डाणांना लागली. म्हणून मुंबईहून येऊन पुढे जोडविमान पकडणार असाल तर दोन्ही एकाच तिकिटावर घ्या आणि मधे चार तास तरी ठेवा. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं आणि पर्यायी विमान नको असेल तर पूर्ण पैसे परत मिळतात.

१५. कर्मचाऱ्यांचे बुडालेले पगार मिळतात का?

केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळतात, घरी बसवलेल्यांनाही. आधी दर वेळी वेगळा कायदा करावा लागे. २०१९ च्या कायद्याने ते कायमचं झालं. २०२५ मध्ये व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हा हक्क आपोआप मिळत नाही असा अर्थ काढून पाहिला, पण नोव्हेंबरच्या विधेयकात पगाराची हमी आली आणि शटडाऊनमध्ये दिलेल्या नोकरकपातीच्या नोटिसाही मागे घेतल्या गेल्या. घरी बसवलेल्याने ‘फुकट करतो’ म्हणून ऑफिसचा ईमेल पाहणंही बेकायदा आहे. स्वेच्छेचं काम त्याच १८८४ च्या कायद्यात बसत नाही. अशांना राज्याचा बेरोजगार भत्ता मागता येतो, थकीत पगार आला की तो परत करावा लागतो. आरोग्यविमा चालू राहतो, हप्ता नंतर कापतात.

कंत्राटदाराची माणसं मात्र कोरडी राहतात. सरकारी प्रकल्पावर कंपनीमार्फत काम करणारे आपले बरेच लोक याच गटात आहेत. काम थांबवण्याचा आदेश आला तर कंपनी पगारी रजा देणार की बिनपगारी, हे सप्टेंबरातच विचारून ठेवा. एच-१बीवर असाल तर कंपनीला काम नाही म्हणून पगार थांबवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

१६. खासदारांचा पगार थांबतो का?

नाही. त्याची मंजुरी वार्षिक विधेयकावर अवलंबून नाही, आणि २७ वी घटनादुरुस्ती पुढच्या निवडणुकीआधी त्यात बदल लागू होऊ देत नाही. लोकांचा संताप रास्त आहे.

१७. टॅक्स रिटर्नची तारीख पुढे जाते का?

अजिबात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयआरएसचे, म्हणजे तिथल्या कर खात्याचे, जवळपास निम्मे कर्मचारी घरी होते, तरी १५ ऑक्टोबरची मुदत कायम होती. फोन उचलायला कोणी नसेल एवढंच. ऑनलाइन भरा, पोच ठेवा.

१८. कर्जमर्यादा आणि शटडाऊन एकच का?

नाही, आणि कर्जमर्यादा जास्त धोकादायक. शटडाऊनमध्ये नवा खर्च करायची परवानगी नसते. कर्जमर्यादा गाठली की आधी मंजूर केलेल्या खर्चासाठी, जुन्या रोख्यांच्या व्याजासकट, कर्ज उचलता येत नाही. २०११ मध्ये फक्त त्या काठावर जाऊन आल्यावरही स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचा पतदर्जा एक पायरी उतरवला. जुलै २०२५ मध्ये मर्यादा ५ लाख कोटी डॉलरनी वाढवल्यामुळे त्या शरद ऋतूतल्या कोंडीत हा प्रश्न नव्हता.

१९. भारतात असं का होत नाही?

कारण आपल्याकडे पैसा नामंजूर म्हणजे सरकारच गेलं. विनियोजन विधेयक हे धनविधेयक असतं. राज्यसभा ते फार तर १४ दिवस धरू शकते. लोकसभेत ते पडलं तर सरकारने विश्वास गमावला असं मानतात. मंजुरीला उशीर होणार असेल तर कलम ११६ खाली लेखानुदान आहेच. राज्यांनाही तीच सोय. लोकसभा निवडणुकीमुळे महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला तो असाच. अगदीच अवघड प्रसंग उत्तराखंडात मार्च २०१६ मध्ये आला. विनियोजन विधेयक मंजूर झालं की नाही यावरच वाद झाला, राष्ट्रपती राजवट लागली आणि खर्चासाठी केंद्राला वटहुकूम काढावा लागला. तरी कचेऱ्यांना कुलूप लागलं नाही.

संसदीय पद्धतीतला टोकाचा दाखला ऑस्ट्रेलियाचा. १९७५ मध्ये सिनेटने पैसा अडवला आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान व्हिटलम यांनाच बडतर्फ केलं. अमेरिकेत असा तोडगा नाही. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघांची मुदत ठरलेली, दोघांनाही जनतेने निवडलेलं, त्यामुळे कोंडी फोडायला मुदतपूर्व निवडणूक घेता येत नाही.

२०. राज्य सरकारं बंद पडतात का? न्यू जर्सीत झालं होतं ना?

झालं होतं, पण त्याचा वॉशिंग्टनशी संबंध नाही. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. २०११ च्या जुलैत मिनेसोटा तीन आठवड्यांच्या आसपास बंद होतं. जुलै २०१७ मध्ये न्यू जर्सी तीन दिवस बंद पडलं, आणि लोकांसाठी बंद असलेल्या सरकारी समुद्रकिनाऱ्यावर गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती सहकुटुंब खुर्ची टाकून बसल्याचा फोटो छापून आला. राज्याच्या शटडाऊनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सची कचेरी बंद असू शकते; केंद्राच्या शटडाऊनमध्ये ती चालू असते.

२१. सही झाली की सगळं दुसऱ्या दिवशी सुरळीत?

कर्मचारी दुसऱ्या दिवशी परततात, थकीत पगार साधारण आठवडाभरात जमा व्हायला लागतात, पण साचलेल्या फायलींना आठवडे लागतात. कामगार खात्याची प्रणाली उघडल्यावर सगळे एकदमच अर्ज टाकतात. पहिल्या दोन दिवसांत वेबसाइट अडखळली तर घाबरून तोच अर्ज दोनदा भरू नका. काही गोष्टी मात्र भरून येतच नाहीत. २०१८-१९ च्या शटडाऊनमध्ये अर्थव्यवस्थेचे सुमारे ३०० कोटी डॉलर कायमचे बुडाल्याचा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. ऑक्टोबर २०२५ चा बेरोजगारीचा दर तर कधीच जाहीर झाला नाही, कारण त्या महिन्यात घरोघरची पाहणी झालीच नव्हती. अनेक दशकांच्या त्या मालिकेत पहिल्यांदाच एक महिना रिकामा आहे.